नव्या चुकीची शेंग

मला जर्मन येतं, पण हळू आवाजात येत नाही. परदेशातून फोन आला की मी खुर्चीवरून उठते, दोन्ही पाय रोवते आणि अख्खं तोंड उघडून बोलायला लागते. आमचं ऑफिस हायवेलगतच्या एका गोडाऊनच्या माळ्यावर आहे. खाली ट्रक लागलेले असतात, माल उतरत असतो, माणसं एकमेकांना हाका मारत असतात, आणि तरीही माझा आवाज गेटवरच्या वॉचमनला ऐकू जातो. "मॅडम फोन पे बोल रही हैं, या सीधे ही जर्मनी को आवाज़ दे रही हैं?" असं तो ड्रायव्हरांना विचारतो म्हणे. नवीन आलेल्या मुली तर कानांवर हात ठेवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष असलाच तर तो आमच्या बाईंचा आहे, आणि त्या दोषापायी मी आज पोटाला खाते आहे.

बाई म्हणजे आमच्या जर्मनच्या बाई. भिवंडीत, शेलारच्या बाजूला, आमच्या मराठी शाळेत त्या जर्मन शिकवत. हे सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे नीट बघून घेतो. मग विचारतो, "मराठी शाळेत जर्मन?" तर त्याचं असं झालं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नुसतं शेठ म्हणत. शेठ इथलेच, जमिनींवर गोडाऊनं उभी राहिली तसे मोठे झालेले, शिक्षण चौथीच्या आसपास कुठंतरी थांबलेलं, पण शाळेवर जीव. पलीकडे नवीन इंग्रजी शाळा निघाली आणि तिच्या फाटकावर 'फॉरेन लँग्वेज' असा बोर्ड लागला. शेठना तो बोर्ड जाता-येता दिसायला लागला आणि त्यांचं जेवणात लक्ष लागेना. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, "आपल्याकडं पन एक फॉरेन पायजे. कुटला पन चालंल."

त्याच सुमाराला बाई इंग्रजीच्या जागेसाठी मुलाखतीला आल्या होत्या. ती जागा आधीच भरली होती. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "मला जर्मनही येतं."

शेठ म्हणाले, "ते फॉरेन हाय ना?"

"हाय," बाई म्हणाल्या.

पेंटर दुसऱ्याच दिवशी आला. बाईंचा पहिला तास व्हायच्या आधी आमच्या फाटकावर बोर्ड वाळत होता.

आमच्या घरी मी आठवीला जर्मन घेतलं असं सांगितलं, तेव्हा बाबा ताटावरून न उठता म्हणाले, "जर्मनचा टोप म्हाईत हाय. जर्मनची भाशा काय करायची? भात शिजल का तिच्यात?" आई हसून हसून बेजार झाली. बाबांचा विरोध एवढ्यावरच संपला, कारण त्यांना लूमवर जायचं होतं. शाळेच्या मागच्या गल्लीत आमचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. फार मोठा नाही, पण एकदा चालू झाला की शेजारच्या घरातली भांडी फळीवर थरथरायची.

बाई अंबाडीहून एसटीनं येत. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायांत पळायचे पांढरे बूट. खांद्याला शबनम आणि शबनमीत भाजलेल्या शेंगांची पिशवी. वडील एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते, त्यामुळे एसटी म्हणजे बाईंना माहेरची गाडी. चढताना त्या कंडक्टरला "गूटन टाग" म्हणत आणि तिकीट घेतल्यावर "डांकं". पहिले काही महिने कंडक्टर वैतागला. मग एकदा आम्ही वज्रेश्वरीच्या सहलीला त्याच गाडीनं गेलो, तेव्हा बाईंनी "डांकं" म्हटल्याबरोबर त्यानं तिकिटाचं मशीन खटकावत "बिटं, बिटं, पुढं सरका" असं म्हटलं. सगळी एसटी त्याच्याकडे बघायला लागली. बाईंचा चेहरा असा फुलला, जसा आमच्यापैकी कुणी पहिला आल्यावरही फुलला नसता.

त्या जर्मनीला कधी गेल्या नव्हत्या. आम्ही विचारलंच. त्या म्हणाल्या, "कशाला? भाषा इथंच मिळते की." मग जर्मनच का शिकलात, तर कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी त्या ज्या रांगेत तासभर उभ्या होत्या, ती जर्मनची निघाली. "परत दुसऱ्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला." एवढंच कारण. त्यांच्या घरच्यांना वाटलं होतं मुलगी बँकेत लागेल. त्या अजिबात खंत न करता हे सांगत, आणि सांगताना शेंग फोडत.

शेंगांचा कायदा वेगळा होता. वर्गात उत्तर बरोबर आलं तर काही मिळत नसे. बाई नुसतं "हं" म्हणून पुढे जात. चूक केली तर मात्र त्या थांबत, डोळे बारीक करत आणि विचार करत. ही चूक आधी कुणी केलेली असेल तर, "जुनी आहे. बस खाली." नवी असेल तर पिशवीत हात जायचा आणि तळहातावर दोन शेंगा पडायच्या. "व्वा. हे मला सुचलंच नसतं," असंही म्हणायच्या, आणि ते टोमण्यानं नसायचं. त्यांना खरंच आनंद व्हायचा. दुसऱ्याच्या चुकीला जो हसेल, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासाठी शेंगा आणायच्या, असं कलम होतं. त्यामुळे हसणं लवकरच महाग पडायला लागलं.

वर्गात आम्ही सातजण होतो. सातांनाही वाचता यायचं, लिहिता यायचं. बोलायची वेळ आली की मात्र सगळे जमिनीकडे बघायचे. त्याला कारण होतं. आमच्या शाळेत बोलणं ही धोक्याची गोष्ट होती. घरी आम्ही 'हाय, न्हाय' बोलणारी पोरं. वर्गात तोंडातून "न्हाय" निघालं की मराठीचे सर सगळ्यांसमोर तीन वेळा "नाही, नाही, नाही" म्हणायला लावत आणि वर्ग हसत असे. पाचवी ते आठवी हेच ऐकलं. शेवटी आम्ही एक सोपा उपाय काढला होता. बोलायचंच नाही. मी तर त्यात सगळ्यांच्या पुढे होते. हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे.

हे बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एकदा त्यांनी तास थांबवला आणि मला विचारलं, "घरी आईला भूक लागली हे कसं सांगतेस?"

मी नखानं बाकाची कड खरवडायला लागले.

"सांग गं. मला शिकायचंय."

"भूक लागलीय म्हंते," मी पुटपुटले.

"आणि भूक नसली तर?"

"भूक न्हाय."

वर्गात कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी तिकडे बघितलं आणि उद्याच्या शेंगा कुणाकडून येणार ते ठरलं. मग त्या खडू घेऊन फळ्याकडे गेल्या. "घरी म्हणता हाय. शाळेत म्हणता आहे. गल्लीत कारागिरांशी बोलताना म्हणता है. तीन-तीन भाषा खिशात घेऊन फिरता आणि चौथीला घाबरता? घाबरायचं तर त्या जर्मन लोकांनी तुम्हाला घाबरायला पाहिजे." त्यांनी फळ्यावर 'हाय', 'आहे', 'है' आणि 'इस्ट' असे चार शब्द एकाखाली एक लिहिले. आमच्या घरचा शब्द शाळेच्या फळ्यावर मी पहिल्यांदा बघत होते, तोही सगळ्यात वर. त्या दिवशी घरी जाऊन मी आई-बाबा काय बोलतात ते कान देऊन ऐकलं. रोजचंच बोलणं, पण मला ते पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखं झालं. आईनं विचारलं, "काय बगतंस माज्या तोंडाकडं?"

एवढं होऊनही आमची तोंडं उघडली नाहीत. आणि मग शेठ आले.

दिवाळीनंतरची गोष्ट. शेठ शाळेत चक्कर मारायला आले, आमच्या वर्गाच्या दारात थांबले आणि म्हणाले, "बाई, एक पोर उबा करा. बोलू द्या जर्मन." बाईंनी एकेकाला उभं केलं. एकेकजण उभा राहिला आणि एकेकजण खाली बसला. वर्गात नुसता पंखा बोलत होता. शेठ ओट्यावर जाऊन बाईंशी हळू बोलले, पण शेठचं हळू बोलणं आम्हाला बाकावर ऐकू आलं. "मना जर्मन समजत न्हाय. पन पोर घाबरलाय का न्हाय, ते मना समजतं. बोर्ड लावलाय मी. लोक हसतान. वार्षिक सभंला सगल्यांसमोर बोलू द्या पोरांना. बोलली तर बोर्ड राहील. न्हाय बोलली तर काडून टाकू."

बोर्ड काढणं म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं. बाईंची नेमणूक जर्मनवरच होती. जर्मन गेलं की बाई गेल्या. पुन्हा अंबाडीची एसटी, पुन्हा दुसऱ्या कुठल्या शाळेच्या दारात मुलाखत, आणि शेंगांची पिशवी भलत्याच कुणा पोरांच्या नशिबात. तास संपला तेव्हा आम्ही सातही जण रडवेले झालो होतो. बाई मात्र खिडकीशी उभ्या राहून मागच्या गल्लीतला आवाज ऐकत होत्या.

"तो आवाज कसला येतो गं?" त्यांनी मला विचारलं.

"आमच्या लूमचा."

"आत माणसं बोलतात कशी?"

मला हसू आलं. लूमवर कुणी बोलत नाही. बोललं तरी ऐकू येत नाही. कारागीर ओठ बघून समजतात, नाहीतर हातानं सांगतात. चहा पाहिजे तर अंगठा ओठाला, धागा तुटला तर दोन बोटं, आणि हात वर करून मूठ मिटली की मशीन बंद. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि त्यात काही सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. बाई ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे मोठे होत चालले होते.

"म्हणजे आत कुणी कितीही चुकलं तरी कुणाला ऐकूच येणार नाही?"

संध्याकाळी बाई आमच्या कारखान्यात हजर. बाबा दारात आले. बाईंनी सांगितलं, "दादा, माझी सात पोरं रोज शाळा सुटल्यावर तुमच्याकडे उभी राहतील. दाराजवळच्या मोकळ्या जागेत. कशाला हात लावणार नाहीत. नुसती ओरडतील."

बाबांनी एकदा बाईंकडे, एकदा बुटांकडे बघितलं. "वरडायला हितं कशाला? शाळंत न्हाय का वरडता येत?"

"शाळेत ऐकू येतं," बाई म्हणाल्या.

बाबांना यातलं काय पटलं ते मला अजून कळलेलं नाही, पण ते बाजूला झाले.

असा आमचा जर्मनचा तास लूमवर भरायला लागला. शुक्रवार सोडून, कारण शुक्रवारी लूमला सुट्टी. पहिल्या दिवशी बाई मधे उभ्या राहिल्या आणि त्यांचे ओठ हलले. त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण वाक्य आम्हाला पाठ होतं. "हॉइटं इस्ट फ्रायटाग." आज शुक्रवार आहे. बाईंनी हे वाक्य पहिल्या तासाला शिकवलं होतं आणि त्या ते सोमवारी, मंगळवारी, कुठल्याही वारी म्हणायला लावत. "शुक्रवारी भिवंडी खूश असते. मग रोज शुक्रवार म्हणायला काय जातं?" त्या दिवशी आम्ही आधी पुटपुटलो, मग बोललो, मग एकेकाच्या लक्षात आलं की खरंच काही ऐकू येत नाही. आमच्यातला एक मुलगा तोंड वर करून इतका ओरडला की त्याच्या मानेच्या शिरा दिसल्या, आणि आवाज शून्य! आम्ही हसलो, तेही ऐकू आलं नाही. मग काय विचारता. रोज तास-तासभर आम्ही सातजण जिवाच्या आकांतानं जर्मन ओरडत होतो. घरच्या गोष्टी, मास्तरांच्या तक्रारी, कुणाला कोण आवडतं तेसुद्धा जर्मनमध्ये ओरडून झालं. जे शब्द येत नव्हते ते आम्ही आमचेच घालत होतो. शाळेत कधी न मिळालेलं सुख होतं ते.

कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर होते, त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. एकोणीस-वीस वर्षांचे होते तेव्हा यूपीहून आलेले, आता दाढी पांढरी झालेली. ते दोन लूमच्या मधून आमच्याकडे बघत असत. एकदा मशीन सोडून माझ्यासमोर आले आणि माझ्या कानाशी वाकून ओरडले, "बिटिया, मुँह पूरा खोलो! आधा बोलती हो, आधा निगल जाती हो!" त्यांना माझे ओठ वाचता येत नव्हते, ही त्यांची तक्रार होती. बाईंनी ते बघितलं आणि त्या जागेवर उडाल्याच. त्या दिवसापासून चाचांना दिसेल असं बोलायचं, हा नियम झाला. ओठांचा चंबू करायचा तिथं पूर्ण चंबू, जबडा पाडायचा तिथं पूर्ण जबडा. महिन्याभरात चाचांना आमची चार-पाच वाक्यं ओठांवरून समजायला लागली. "हॉइटं इस्ट फ्रायटाग" म्हटलं की ते मशीनवरूनच हात हलवून 'नाही' म्हणत. ज्या दिवशी लूम चालू, तो दिवस शुक्रवार नाही, याची त्यांना खात्री होती.

आणि एक दिवस लाइट गेली.

मी तेव्हा अगदी रंगात आले होते. माझ्या बाबांबद्दल सांगत होते, तोंड पूर्ण उघडून, हात नाचवत. एका क्षणात सगळे लूम थांबले आणि त्या शांततेत माझा आवाज एकटाच कारखानाभर घुमला. सगळ्या कारागिरांनी वळून बघितलं. मग ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. माझं तोंड मिटलं ते मिटलंच. घरी जाऊन मी आईला सांगितलं की माझं पोट दुखतंय. पुढचे बरेच दिवस मी लूमवर जाऊन नुसती उभी राहिले. बाई रागावल्या नाहीत. परत जाताना गल्लीच्या तोंडाशी थांबून एवढंच म्हणाल्या, "लाइट गेली की लूम बंद पडतो गं. माणसानं कशाला पडायचं?" मी हळूहळू लूमच्या आवाजात पुन्हा ओरडायला लागले. पण दर शुक्रवारी वर्गात, पंख्याखाली, आम्ही सातही जण पुन्हा मुके व्हायचो. आवाजाशिवाय आम्हाला बोलता येत नव्हतं, आणि हे आमच्याइतकंच बाईंनाही कळत होतं.

वार्षिक सभा नेमकी शुक्रवारी ठेवली, लूमवाल्या पालकांना येता यावं म्हणून. हॉल भरला. आया नटून आल्या होत्या. बाबा पांढरा शर्ट घालून पुढच्या रांगेत आणि मागच्या दाराशी, टोपी घालून, चाचासुद्धा. शेठ स्टेजवर मधल्या खुर्चीत. आम्हाला रांगेनं उभं केलं. पहिला मुलगा माइकसमोर गेला. तोच, ज्याच्या मानेच्या शिरा दिसायच्या. त्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि जमिनीकडे बघितलं. दुसरी मुलगी "गूट" म्हणाली आणि तिथंच थांबली. हॉलमध्ये पंखे फिरत होते. कुणाचं तरी बाळ रडलं आणि त्याला गप्प केलं, तेवढाही आवाज आमच्या नशिबात राहिला नाही. शेठ मुख्याध्यापकांकडे झुकले. मला बोर्ड दिसत होता, शिडी लावून काढला जाणारा.

बाई उठल्या. स्टेजच्या खाली, कडेला आल्या, पालकांकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्यातलं लूमवर कोण कोण आहे?"

अर्ध्याहून जास्त हात वर गेले.

"मग चालवा लूम."

कुणाला काही कळेना. मुख्याध्यापक "बाई, बाई" करत अर्धे उठले. तेवढ्यात पुढच्या रांगेत बाबांनी आपली लोखंडी खुर्ची उचलली आणि फरशीवर आपटली. खट. पुन्हा आपटली. खटाखट. मागून चाचांनी टाचेनं ठेका धरला. मग शेजारच्यानं, मग त्याच्या शेजारच्यानं. त्या माणसांच्या हातापायांत तो ठेका वर्षानुवर्षं बसलेला होता, त्यांना शिकवावं लागलं नाही. बघता बघता हॉलचा कारखाना झाला. आया पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि पाय आपटत होत्या. खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली.

आणि आमची तोंडं उघडली. पहिला मुलगा माइक बाजूला सारून ओरडायला लागला. दुसरी, तिसरा, चौथी. ओठांचे चंबू, पडलेले जबडे, नाचणारे हात. शेठ खुर्चीत पुढे सरकून कानाला हात लावून बसले होते. "काय आयकू येत न्हाय!" असं ते म्हणाले असावेत. तेही ऐकू आलं नाही.

मी शेवटची. मी माझ्या बाबांबद्दल सांगायला लागले. माझ्या बाबांचे लूम आहेत, आमच्याकडे आवाज फार असतो, आम्ही सगळे मोठ्यानं बोलतो. चाचांना दिसेल असं बोलत होते. तेवढ्यात बाईंनी हात वर केला आणि मूठ मिटली.

सगळा हॉल एका ठोक्यात बंद पडला. लूमवाल्यांचे हातच ते, खूण दिसली की थांबणारे.

मी वाक्याच्या मध्यावर होते. शांतता माझ्या अंगावर आली, तीच ती लाइट गेल्यावरची. सगळे बघत होते. बाई मूठ तशीच वर धरून माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या हनुवटीला बारीक कंप होता. मी बाईंना घाबरलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ते बघून मला इतकं वाईट वाटलं, इतकी त्यांची माया आली, की माझं तोंड मिटायचं राहूनच गेलं. उरलेलं अर्धं वाक्य मी पूर्ण केलं. त्याच आवाजात, लूमच्या. हॉलच्या भिंतींवरून ते परत आलं. मग मी आणखी एक वाक्य बोलले. मग पाठ केलेलं संपलं, पण मला थांबायचं नव्हतं, म्हणून मी माझ्या मनानं सांगितलं की आता सगळं शांत आहे, आज लूम झोपली आहे. आणि शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून, ओरडले, "हॉइटं इस्ट फ्रायटाग!"

मागच्या दाराशी चाचांनी दोन्ही हात वर केले. "आज सच बोली!" ते म्हणाले. "आज जुम्मा है!"

हॉल असा हसला की काय सांगू. या वेळी त्या हसण्यानं माझं काही बिघडलं नाही. माझ्यामागून उरलेले सहाही जण परत एकेक करून पुढे आले आणि शांततेत आपापलं बोलले, सगळे त्याच आवाजात ओरडून. मुख्याध्यापकांनी मधेच जाऊन माइक बंद केला.

बाई स्टेजवर चढल्या. मला वाटलं पाठीवर हात ठेवतील. त्या डोळे बारीक करून माझ्यासमोर उभ्या राहिल्या, शबनमीत हात घातला आणि माझ्या तळहातावर दोन शेंगा ठेवल्या.

"हे काय दिलं?" शेठनी विचारलं.

"बक्षीस. तिनं चूक केली."

"चूक केली?"

"लूम जर्मनमध्ये पुरुष असतो, शेठ. हिनं त्याला बाई करून टाकलं. अगदी नवी चूक आहे. आजवर कुणी केली नव्हती."

शेठ माझ्या तळहातावर वाकले. चौथीत त्यांना कुणी कसल्या चुकीबद्दल काय दिलं होतं कोण जाणे. मग त्यांनी घसा साफ केला, माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि सगळ्या सभेसमोर म्हणाले, "हायटा... फ्राटग हाय!"

बाईंनी विचार केला. डोळे बारीक केले. मग पिशवीत हात घातला.

शेठनी त्या शेंगा फोडल्या नाहीत. सदऱ्याच्या वरच्या खिशात घातल्या आणि उरलेली सभा त्या खिशावर हात ठेवून बसले. बोर्ड राहिला. पुढच्या वर्षी त्याला नवा रंगही लागला, आणि आमच्या वर्गाला दुसरी खोली दिली, मोठी. तिला लागून दुसरा वर्ग नव्हता.

आम्ही शाळेत होतो तोवर हे असंच चाललं. शेठ शाळेत आले की मुख्याध्यापकांच्या खोलीत जायच्या आधी आमच्या दारात थांबायचे. गाडी चालू ठेवून, ड्रायव्हरला हातानं थांब म्हणून, ते घसा साफ करायचे, काहीतरी भलतंच जर्मन बोलायचे आणि तळहात पुढे करायचे.

बाई विचार करायच्या आणि मान हलवायच्या. "ही मागच्या खेपेची आहे, शेठ. नवी आणा."

शेठ हात मागे घ्यायचे, ओट्यावर एक फेरी मारायचे आणि परत येऊन चुकायचे.